ताटावरचा रुमाल

रमजानमध्ये मगरिबच्या अजानआधीचा अर्धा तास मोहल्ल्यात मोठ्या लगबगीचा असतो. घराघरांत भजी तळली जातात, फळे चिरली जातात, खजूर काढून ठेवले जातात. त्याच वेळी रुमालाने झाकलेली ताटे घराबाहेर पडतात. एक मशिदीत जाते, एक शेजारी. ताट रिकामे परत करायचे नाही, ही रीत दोन्ही घरांची. त्यामुळे दिवाळीत करंज्या-चकल्या उलट्या वाटेने येतात.

हे सारे साधे वाटते. पण कोणी कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच साधा नव्हता. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. जात मानत नाही हे दाखवण्यासाठी तिच्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. एवढ्यासाठी सभा गुप्त ठेवावी लागली आणि सभासदांची नावे फुटल्यावर ती मोडली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले! रानडे आणि टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. कोल्हापुरात मात्र खुद्द छत्रपती शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा पीत, बरोबरच्या मंडळींनाही पाजत. अस्पृश्यतेवरचा तो कपभर चहाचा घाव होता.

दस्तरखानही असेच काही सांगतो. अजान झाली की मालक आणि हमाल एकाच रांगेत बसून खजुराने रोजा सोडतात. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवू नये, ही शिकवण तर प्रत्येक मुलाच्या कानावर पडते. मात्र ती पुरती पाळली जाते, असे नाही. दस्तरखानावर मांडीला मांडी लावून बसणारेच निकाह ठरवताना बिरादरी विचारतात. ‘रोटी’ची गाठ सुटली, ‘बेटी’ची अजून बाकी आहे.

आज हा प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. भाड्याचे घर पाहायला गेले की आधी ‘तुमच्याकडे काय शिजते?’ असे विचारले जाते. मांस न खाणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे, त्याचा मान राखायलाच हवा. म्हणून तर ईदच्या दिवशी कित्येक घरांत शाकाहारी शेजाऱ्यांसाठी शीरखुर्मा वेगळ्या पातेल्यात होतो. पण काय खायचे नाही हे सांगणे वेगळे आणि कोणाच्या हातचे खायचे नाही हे सांगणे वेगळे. पहिली आवड झाली. दुसरा माणसाचा अपमान आहे.

पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्या दरवर्षी होतात, टोपी घातलेले फोटो छापून येतात. ईदनंतर ती मंडळी पुन्हा दिसोत न दिसोत, गल्लीतली ताटे फिरत राहतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. पण गावात तणाव होतो, अफवा उठतात, तेव्हा त्याच ताटांची ओळख कामी येते. रात्री दार वाजवायचे कोणाचे, हे त्या घरांना आधीच ठाऊक असते.