पांढऱ्या शिधापत्रिकेचे मोल

नारायण पेठेतील कित्येक घरांत पांढरी शिधापत्रिका कपाटातल्या एखाद्या फायलीत वर्षानुवर्षे पडून असते. तिच्यावर धान्य मिळत नाही, म्हणून ती कोणी बाहेर काढत नाही. आपल्याकडेही ती असेल, तर एकदा शोधून ठेवावी.

२ जुलै २०१२ रोजी राज्याने आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत; परंतु काही अपवाद सोडले तर ते पिवळ्या आणि केशरी पत्रिकांपुरतेच. पेन्शनवर दिवस काढणारा निवृत्त कारकून कागदोपत्री सधन ठरे. हृदयशस्त्रक्रियेचा आकडा ऐकला की त्याची ती सधनता एका दिवसात उघडी पडे! जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने ही भिंत काढली. १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबे योजनेत आली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली.

यावर राजकीय वाद झाला आणि तो अजून शमलेला नाही. श्रीमंतांनाही सरकारी पैशाने उपचार कशासाठी, असे काहींचे म्हणणे. जनआरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे: विम्याच्या वाटेने खासगी रुग्णालयांकडे जाणारा पैसा ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयांच्या खाटा, परिचारिका आणि औषधे यांवर का खर्च होऊ नये? खासगी रुग्णालये म्हणतात, ठरवून दिलेले दर परवडत नाहीत आणि देयकेही रखडतात. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला, तेव्हा तेथील खासगी डॉक्टर संपावर गेले होते, ते याच धास्तीने.

माझ्या मते सर्वांना सामावून घेणे योग्यच झाले. आजार शिधापत्रिकेचा रंग विचारत नाही. मात्र पाच लाखांचा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नये. योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, यादीतील उपचारांसाठी आहे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची तपासणी-फी, घरी ठेवलेली सेविका, म्हणजे वृद्धांचा जो खरा मासिक खर्च, तो बहुतांशी आपल्याच खिशातून जातो. या वादात त्याची चर्चा फारशी होत नाही, याचे मला नवल वाटते.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक दार उघडले आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, सामावून घेतले आहे. कुटुंब आधीच त्या योजनेत असेल, तर घरातील ज्येष्ठांसाठी वेगळे पाच लाख मिळतात. खासगी विमा असला तरी अडचण नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे लाभार्थी आणि माजी सैनिक यांना मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. वय आधारवरून धरतात, तेव्हा त्यावरील जन्मतारीख आजच पाहून घ्या.

दवाखान्यात धावपळ होण्याआधी हे करावे. आपले नेहमीचे रुग्णालय योजनेशी संलग्न आहे का आणि हवा तो उपचार तेथे योजनेतून होतो का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत. मुले परदेशी असतील, तर शेजारच्या एखाद्या विश्वासू माणसाला कागद कोठे ठेवले आहेत ते सांगून ठेवा.