पहिलीतल्या लेकराला मास्क कशाला?

कर्नाटकात 2025 मध्ये 29 मे रोजी शाळा उघडल्या आणि त्याच सुमारास आरोग्य खात्याचं कोरोनाबाबतचं परिपत्रक येऊन थडकलं. ताप, खोकला, सर्दी असलेलं मूल शाळेत पाठवू नका, आलंच तर पालकांना कळवून परत धाडा, लक्षणं पूर्ण गेल्यावरच वर्गात घ्या, असं त्यात म्हटलं होतं. हात धुणं, खोकताना तोंड झाकणं अशी इतर काळजीही होती, सल्ल्याच्या सुरात. पालकांना आठवला मात्र नेमका मास्क. बीदर, भालकी, औराद, आळंद, सगळीकडे जुना प्रश्न पुन्हा वर आला: दप्तरात मास्क घालायचा की नाही?

उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. पहिली ते तिसरीच्या लेकरांवर मास्कची सक्ती नको. त्या परिपत्रकातली महत्त्वाची ओळ मास्कची नाहीच, ती आजारी मुलाला घरी ठेवण्याची आहे. आणि महाराष्ट्राला लागूनच्या या सीमाभागात पाळायला सगळ्यात अवघड ओळही तीच.

इथल्या लोकांना साथीची भीती कोणी शिकवायला नको. देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू कलबुर्गीच्या 76 वर्षांच्या गृहस्थांचा. ते 10 मार्च 2020 रोजी गेले आणि 12 मार्चला अहवाल आला. मुंबई-पुण्याला बांधकामावर गेलेली तांड्यातली आणि वाडी-वस्तीवरची माणसं लॉकडाऊनमध्ये परतली, तेव्हा गावच्या शाळांतच त्यांना वेगळं ठेवण्यात आलं. ऑगस्ट 2021 मध्ये राज्याच्या इतर भागात सवलत असताना बीदर आणि कलबुर्गीला महाराष्ट्राच्या सीमेला लागून असल्यामुळे शनिवार-रविवारची संचारबंदी होती. तेव्हा इथला कोणी पालक मास्कचा आग्रह धरत असेल, तर त्याला हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही.

पण नियमांची तऱ्हा बघा. विकाराबाद ते लातूर रोड या एकाच लोहमार्गावर बीदर, भालकी, कमलनगर आणि उदगीर ही स्टेशनं आहेत. पहिली तीन कर्नाटकात, चौथं महाराष्ट्रात. मामा उदगीरला, भाचा कमलनगरला, असं घरोघरी. कर्नाटकाने पहिली ते पाचवीचे वर्ग 25 ऑक्टोबर 2021 ला उघडले, महाराष्ट्राने पहिलीपासूनचे वर्ग 1 डिसेंबरला. महाराष्ट्राने 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, मास्कसकट सगळे निर्बंध उठवले. कर्नाटकाने त्याच महिन्याच्या 25 तारखेला मास्क पुन्हा सक्तीचा केला आणि 26 डिसेंबर 2022 ला शाळा, महाविद्यालयं आणि चित्रपटगृहांसाठी आणखी एकदा. विषाणू एकच, गाडी एकच, डब्यातली माणसंही तीच. नियम मात्र स्टेशन बदललं की बदलायचा. मग लोकांनी मास्क औषध म्हणून न घेता तपासणी नाक्याची पावती म्हणून खिशात ठेवला, यात नवल काय?

2021 च्या हिवाळ्यात प्राथमिक शाळेत चक्कर मारली असती, तर त्या पावतीचे हाल दिसले असते. प्रार्थनेला रांगेत सगळ्यांच्या नाकावर मास्क. नाडगीत, म्हणजे राज्यगीत, संपेपर्यंत निम्मे हनुवटीवर. दुसऱ्या तासाला त्याच मास्कने पाटी पुसली जायची, नाकही पुसलं जायचं. कार्टूनवाला मास्क मित्राच्या साध्या मास्कशी अदलाबदल करून घातला जायचा. दुपारी भाताची ताटं आली की सगळे मास्क खिशात, नाहीतर शहाबादी फरशीवर मांडीखाली. अर्धा तास मांडीला मांडी लावून, बोलत, ठसका लागत जेवण. मग तोच घामेजलेला, सांबार लागलेला मास्क पुन्हा तोंडावर. यात गुरुजींची हयगय नव्हती. चाळीस लेकरांच्या नाकावर नजर ठेवायची की फळ्यावर, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

वयाचा नियम कागदावर तसा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं की पाच वर्षांपर्यंत मास्क नको, सहा ते अकरा वयात परिस्थिती पाहून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, बारापासून पुढे मोठ्यांसारखा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून 2021 आणि जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हीच रेघ ओढली. अमेरिकेने मात्र दोन वर्षांपासूनच मास्क लावायला सांगितलं. स्वीडनने प्राथमिक शाळा उघड्या ठेवल्या आणि लहानांना मास्क लावलाच नाही. एवढे मोठे देश दोन टोकांना उभे असतील, तर पुरावा पक्का नव्हता हे उघड आहे.

आणि ही पाच-सहाची रेघ आपल्याकडे जाते कुठून? थेट पहिलीच्या वर्गामधून. कर्नाटकाने 2025-26 साठी पहिलीच्या प्रवेशाचं वय 5 वर्षं 5 महिन्यांपर्यंत शिथिल केलं. म्हणजे एकाच बाकावर एकाला मास्क नको आणि शेजारच्याला देखरेखीखाली हवा. हा नियम कोणता मुख्याध्यापक पाळून दाखवणार?

नेमक्या याच रेघेवर स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात अभ्यास झाला, आणि मास्कच्या सगळ्या वादात मला तो सर्वात कामाचा वाटतो. तिथे सहा वर्षांपासून, म्हणजे पहिलीपासून, मास्क सक्तीचा होता आणि बालवाडीतल्या पाच वर्षांच्या मुलांना नव्हता. संशोधकांनी 2021 च्या उत्तरार्धातल्या सत्रातली तीन ते अकरा वयाची सुमारे 6 लाख मुलं घेतली आणि शेजारशेजारच्या इयत्तांची तुलना केली. मास्कचा मोठा उपयोग असता, तर पहिलीत संसर्ग एकदम खाली यायला हवा होता. तसं झालं नाही. वय वाढत गेलं तसा संसर्ग थोडाथोडा वाढत गेला, बिनमास्कच्या लहानग्यांत तो सगळ्यात कमी होता आणि पाच व सहा वर्षांच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. एका प्रांताच्या एका सत्राचा हा अभ्यास आहे, त्यावर देव्हारा उभारू नये. पण प्रश्न पहिलीचा असेल, तर पहिलीकडे इतक्या जवळून पाहिलेलं दुसरं काम चटकन सापडत नाही.

मास्कच्या बाजूचा पुरावाही मांडायला हवा. बॉस्टन परिसरातल्या ज्या शाळांनी 2022 मध्ये सक्ती उठवली, तिथे पुढच्या 15 आठवड्यांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे 45 रुग्ण जास्त आढळले. बांगलादेशात 600 गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत मास्कवाटप आणि प्रबोधनामुळे लक्षणं असलेला संसर्ग 9 टक्क्यांच्या आसपास घटला. साठीच्या पुढच्यांना सर्जिकल मास्कचा फायदा त्याहून बराच मोठा होता, कापडी मास्कचा परिणाम मात्र ठामपणे दिसला नाही. ही चाचणी प्रौढांवर होती. उलट बाजूलाही अफवा कमी नाहीत. मास्कमुळे मुलांच्या श्वासात कर्बवायू साठतो, असं सांगणारा एक लेख 2021 मध्ये अमेरिकेतल्या नामांकित बालरोग नियतकालिकात छापला गेला आणि महिन्याच्या आत मागे घ्यावा लागला. मास्कने लेकरं गुदमरत नाहीत. प्रश्न गुदमरण्याचा नाही, हिशेबाचा आहे: काय मिळतं आणि काय जातं.

मिळण्याची बाजू आपल्याकडे आणखी हलकी का होती, ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चौथ्या प्रतिपिंड सर्वेक्षणाने दाखवलं. जून-जुलै 2021 मध्ये देशातल्या सहा ते नऊ वयाच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. आणि तोवरचा बहुतेक काळ या वयाच्या शाळा बंदच होत्या. लेकरांना लागण घरात, गल्लीत, लग्नात झाली. आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी त्याच वेळी सांगितलं होतं की शाळा उघडायच्याच तर प्राथमिकपासून सुरुवात करावी. आपण उलटं केलं. मोठ्यांचे वर्ग आधी उघडले, लहानांचे सगळ्यात शेवटी.

जाण्याची बाजू मात्र सीमाभागात इतरांपेक्षा जड आहे. इथल्या पहिलीच्या वर्गात घरची बोली एक नसते. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी लमाणी, कोणाकडे दखनी, कोणाकडे कन्नड. मराठी माध्यमाच्या शाळेतही कन्नड शिकावीच लागते. 2015 च्या कायद्याने ती सक्तीची केली आणि 2017-18 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. नवी भाषा लेकरू नुसतं कानाने शिकत नाही, डोळ्यांनीही शिकतं. प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरं ओठांवर दिसतात. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 1976 मध्ये दाखवलं की आवाज ‘बा’चा आणि ओठ ‘गा’चे असले, तर माणसाला भलतंच, ‘डा’सारखं काही ऐकू येतं. कन्नडमधले ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ मराठी कानाला सुरुवातीला वेगळे वाटतच नाहीत. बाई तोंड उघडून, लांबवून दाखवतात तेव्हा कुठे उमगतात. त्यात साधा सर्जिकल मास्क आवाजाच्या वरच्या पट्ट्या 3-4 डेसिबलने दाबतो आणि एन-95 सुमारे 12 डेसिबलपर्यंत. व्यंजनांचा फरक कळतो तो याच पट्ट्यांत. पत्र्याच्या वर्गात, पाऊस वाजत असताना, मागच्या रांगेत बसलेल्या लमाणी लेकराला काय ऐकू जात असेल, याचा विचार नियम करणाऱ्यांनी कधी केला होता का?

शाळा बंद राहण्याचं नुकसान तर मोजलेलंच आहे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी 2021 मध्ये कर्नाटकासह पाच राज्यांतल्या 16 हजारांवर मुलांची पाहणी केली. दुसरी ते सहावीतल्या 92 टक्के मुलांनी भाषेतली किमान एक तरी क्षमता गमावली होती. शाळा बंद असताना कर्नाटक सरकारच्या ‘विद्यागम’ योजनेत गुरुजी देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली वर्ग भरवत होते. ऑक्टोबर 2020 मध्ये तेही थांबलं. इतकं गमावून परतलेल्या लेकरापुढे शिकवणारीचा अर्धा चेहरा झाकलेला. साथ जोरात असताना मोठ्या माणसांनी मास्क लावावा, हे मला मान्य आहे, कारण साठीच्या आजूबाजूच्या शिक्षकाला धोका खरा आहे. पण अक्षरओळखीच्या तासाला खिडक्या उघडून, लांब उभं राहून चेहरा दाखवण्याची मुभा त्यांना द्या. जमेल तेव्हा वर्ग व्हरांड्यात, लिंबाखाली घ्या. हवा खेळती ठेवायला खर्च येत नाही, आणि ती जेवतानाही काम करते, मास्क करत नाही.

आता ती अवघड ओळ. आजारी लेकराला घरी ठेवा. घरी कोण आहे? आई तुरीच्या, सोयाबीनच्या रानात रोजाने गेलेली, बाप पुण्यात किंवा हैदराबादेत, आजी असली तर असली. एक दिवस घरी राहणं म्हणजे एक रोज बुडणं. आणि लेकराचं जेवण? ‘अक्षर दासोह’ या मध्यान्ह भोजन योजनेचा गरम भात शाळेत मिळतो. कुपोषण जास्त म्हणून बीदर, कलबुर्गीसह कल्याण कर्नाटकातल्या मुलांना डिसेंबर 2021 पासून अंडी सुरू झाली. त्यावरून केवढा गदारोळ झाला, मठाधीशांनी विरोधही केला. आता तर आठवड्याचे सहा दिवस अंडं मिळतं. अंगात कणकण असलेलं लेकरू घरी राहिलं की हे सगळं बुडालं. मग आई पॅरासिटामॉलची गोळी देऊन शाळेत पाठवते. तिला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. तिच्यापुढे दुसरा मार्ग काय ठेवलाय, हे सांगणं अवघड.

मार्ग ठेवता येतो, आणि तो सरकारने एकदा चालवूनही दाखवला आहे. शाळा बंद होत्या तेव्हा याच योजनेतला तांदूळ आणि डाळ पालकांच्या हाती दिली गेली होती. तीच सोय आजारी मुलापुरती करावी. मूल तापाने घरी राहिलं, तर त्या दिवसांचं धान्य आणि अंडी भावंडाबरोबर किंवा आईकडे पोचती करावीत आणि हजेरीत त्याला गैरहजर धरू नये. परिपत्रकात एवढा एक परिच्छेद घातला असता, तर मास्कच्या दहा सूचनांपेक्षा जास्त लेकरं घरी थांबली असती.

उद्या एखादा नवा विषाणू लहानांनाच गाठणारा निघाला, तर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल, आणि तेव्हा सहा वर्षांच्या लेकरालाही मास्क शिकवावा लागेल. दमा, हृदयविकार किंवा इतर जुनं दुखणं असलेल्या मुलांचं तर आजही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण सर्वसाधारण निरोगी सहा-सात वर्षांच्या मुलावर, त्याच्या मास्कवर नजर ठेवायला माणूस नसताना सक्ती करणं म्हणजे काहीतरी केल्याचं समाधान विकत घेणं आहे. बीदर आणि कलबुर्गीच्या शिक्षणाधिकाऱ्यांना एवढीच विनंती: पहिली ते तिसरीला मास्कची सक्ती करू नका, खिडक्यांची झडपं दुरुस्त करा आणि तापलेल्या लेकराचं जेवण त्याच्या घरी पोचवा.