जामिनाची अट मोडली, आता थेट आत?

समजा, एक पोरगा जामिनावर बाहेर आहे. अटी दोन: दर रविवारी पंचवटी पोलीस स्टेशनला हजेरी, आणि परवानगीशिवाय नाशिक जिल्हा सोडायचा नाही. त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, दोन रविवार बुडाले. मग पोलीस उचलून परत नाशिकरोडला नेणार का?

लगेच नाही. मिळालेला जामीन पोलीस रद्द करू शकत नाहीत, ते काम कोर्टाचं. त्यासाठी अर्ज होतो, नोटीस निघते, आरोपीचं म्हणणं ऐकलं जातं. दौलतराम विरुद्ध हरियाणा या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन नाकारणं वेगळं आणि दिलेला काढून घेणं वेगळं. काढून घ्यायला फार भक्कम कारण लागतं. साक्षीदाराला धमकावलं, पुराव्याशी छेडछाड केली, पळून गेला, अशी. त्यामुळे वकील पहिलं हेच विचारणार: का चुकलं, आणि कागद काय आहे?

कोर्टाची तारीख चुकवणं मात्र याहून महागात पडतं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. 2008 च्या मालेगाव स्फोट खटल्यात प्रज्ञासिंह ठाकूर 2017 पासून जामिनावर होत्या. मार्च 2024 मध्ये त्या हजर राहिल्या नाहीत. आजारपणाचा अर्ज दिला, पण सोबत वैद्यकीय प्रमाणपत्राची झेरॉक्स होती, मूळ प्रत नव्हती. मुंबईच्या विशेष कोर्टाने अर्ज फेटाळला आणि दहा हजारांचं जामीनपात्र वॉरंट काढलं. (जुलै 2025 मध्ये त्या आणि बाकी सहा आरोपी निर्दोष सुटले, तो विषय वेगळा.) खासदाराची झेरॉक्स चालली नाही, तर आपल्या व्हॉट्सॲप मेसेजचं काय घेऊन बसलात! 'हवालदारसाहेबांना फोनवर सांगितलं होतं' हा बचाव नाही.

आणि यात एकटा आरोपी अडकत नाही. मामाने जामीनदार म्हणून सही केली असेल, तर तारखेला गैरहजर राहिल्यावर बाँडची रक्कम का वसूल करू नये, हे मामालाही कोर्टात येऊन सांगावं लागतं. घरात यावरून किती भांडणं होतात, ती वेगळीच.

अटच चुकीची असेल तर? तिलाही आव्हान देता येतं. जुलै 2024 मध्ये फ्रँक व्हिटस प्रकरणात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी गुगल मॅपवरचं लोकेशन तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी अट काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांनी सतत नजर ठेवणं हे कलम 21 मधल्या खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, असं त्यांनी सांगितलं. पण आव्हान द्यायचं कोर्टात. स्वतःच ठरवून लोकेशन बंद करायचं नाही.

म्हणजे त्या पोराने काय करायला हवं होतं? पुण्याची बस धरण्याआधी सीबीएसजवळच्या कोर्टात अट शिथिल करण्याचा अर्ज. सोबत नेमणूक पत्र, पुण्यातला पत्ता, आणि हजेरी तिथल्या जवळच्या पोलीस स्टेशनला लावू द्या अशी विनंती. दोन रविवार आधीच गेले असतील तर नोटिशीची वाट न बघता तोच अर्ज आज करायचा, आणि चुकलेल्या दोन्ही तारखा त्यात स्वतःहून लिहायच्या.