एका गिअरमागे ४५ फेरे

पोर्शे ९११ जीटी३ या गाडीच्या इंजिनाची लाल रेषा, म्हणजे फिरण्याची कमाल मर्यादा, मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर आहे. हा आकडा नुसता ऐकला तर मोठा वाटतो एवढंच. त्याला ६०ने भागलं की तो अंगावर येतो. सेकंदाला १५० फेरे! सिलिंडर सहा, प्रत्येकात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला ४५० स्फोट. पिस्टनची धाव ८१.५ मिलिमीटरची. सेकंदात तो ३०० वेळा थांबतो, ३०० वेळा उलटा फिरतो आणि एवढं थांबूनही त्याचा सरासरी वेग ताशी ८८ किलोमीटर भरतो. वरच्या टोकाला पोचून माघारी फिरताना त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ३,६०० पटींहून जास्त असतं. पिस्टन अर्ध्या किलोचा धरला तरी त्या क्षणी त्याच्यावर १,८०० किलोंहून अधिक ताण येतो. सबंध गाडीचं वजन १,४१८ किलो.

अशा यंत्राचे गिअर माणसाने हाताने बदलायचे, की तेही काम यंत्रावर सोपवायचं? स्पोर्टी गाडी घ्यायला निघालेल्यांचा हा जुना वाद आहे. तो बहुतेक वेळा ‘मजा’ आणि ‘आराम’ या दोन शब्दांत अडकून पडतो. आकडे काय म्हणतात ते पाहू.

सराईत हाताला गिअर बदलायला पाव ते अर्धा सेकंद लागतो. क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. ०.३ सेकंद धरू. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. लाल रेषेजवळचं इंजिन तेवढ्या वेळात ४५ फेरे मारतं. १३५ स्फोटांची वेळ येते आणि जाते, पण चाकांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. माणूस तयार बसला असला तरी शरीराला स्वतःचा वेळ हवाच. मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने धावतो, असं धरलं तर मेंदूचा हुकूम तळपायापर्यंत यायला सुमारे ३० मिलिसेकंद जातात. डावा पाय हलायच्या आधीच इंजिनाचे चार-साडेचार फेरे झालेले असतात.

हा वेळ कापायचे प्रयत्न शर्यतीच्या मैदानात झाले. १९८९ साली ब्राझीलच्या फॉर्म्युला वन ग्रां प्रीत फेरारीने ‘६४०’ ही गाडी उतरवली. जॉन बर्नार्ड यांनी रचलेल्या या गाडीत गिअरचा दांडा नव्हता, स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. गिअरबॉक्स शर्यतभर टिकेल यावर संघातल्याच लोकांचा विश्वास नव्हता. नायजेल मॅन्सेल यांनी ती शर्यत जिंकली. मोनॅकोसारख्या शर्यतीचं गणित मांडलं की ही धडपड कशासाठी होती ते कळतं. तिथे ७८ फेऱ्या असतात. फेरीमागे ४० वेळा गिअर बदलला असं धरलं, तर एकूण ३,१२० वेळा. त्यातले निम्मे वर चढवताना, आणि दर वेळी ०.२५ सेकंद जोर तुटलेला. म्हणजे एका शर्यतीत साडेसहा मिनिटं इंजिन धावतंय, पण गाडीला ढकलत नाही. रस्त्यावरच्या फेरारींनाही हीच वाट मिळाली. ‘एन्झो’ला गिअर बदलायला १५० मिलिसेकंद लागत, ‘४३० स्कुडेरिया’ने हा वेळ ६० मिलिसेकंदांवर आणला. जीटी३च्या मापाने मोजलं तर हाताच्या ४५ फेऱ्यांवरून नऊवर.

दोन क्लचच्या गिअरबॉक्सने हा खंडच जवळजवळ मिटवला. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा चौथा आधीच अडकवून तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. जोर तुटत नाही. ही कल्पना फ्रेंच इंजिनिअर अडॉल्फ केग्रेस यांनी १९३९च्या सुमारास मांडली होती. पोर्शेने १९८०च्या दशकात ती ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत वापरली. सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हाती ती आली २००३ साली, फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२मधून. कागदावरून रस्त्यावर यायला ६४ वर्षं लागली, कारण दोन क्लचमधली ही देवाणघेवाण क्षणोक्षणी सांभाळायला वेगवान संगणक हवा होता.

आता दोन्ही गिअरबॉक्स एकाच गाडीत ठेवून पाहू. २०२१ची जीटी३ दोन्हींसह मिळत होती. इंजिन तेच, ५१० अश्वशक्तीचं. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला दोन क्लचवाली ३.४ सेकंदांत पोचते, मॅन्युअल ३.९ सेकंदांत. अर्धा सेकंद! ताशी १००च्या वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी १४ मीटर जाते, म्हणजे जीटी३च्याच तीन लांब्या. मॅन्युअल गाडी १७ किलोंनी हलकी असूनही हा फरक पडतो.

वजन आणखी घटवलं तर? पोर्शेने तेही करून पाहिलं आहे. २०२३ची ‘९११ एस/टी’ फक्त मॅन्युअलमध्ये आली. ताकद ५२५ अश्वशक्ती, वजन १,३८० किलो. क्लच आणि फ्लायव्हील मिळून फिरणारं वजनच साडेदहा किलोंनी कमी केलं. दोन क्लचच्या जीटी३पेक्षा ही गाडी ५५ किलोंनी हलकी आणि १५ अश्वशक्तींनी वरचढ, तरीही ताशी १०० गाठायला तिला ३.७ सेकंद लागतात. ०.३ सेकंद मागेच! हे अंतर केवळ गिअर बदलण्याचं नाही, त्यात जागेवरून सुटण्याचाही वाटा आहे. चाकं किती फिरू द्यायची हे संगणक प्रत्येक क्षणाला मोजतो. पायाला ते एका अंदाजात साधावं लागतं.

मॅन्युअलला एक धोकाही आहे. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला फिरवतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या गुणोत्तरात एक-तृतीयांशाचा फरक धरला, तर ९,०००चे एकदम १२,००० फेरे होतात. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मघाच्या १,८०० किलोंचे ३,२०० होतात. दोन क्लचचा संगणक असा गिअर टाकूच देत नाही.

इथे वाद संपायला हवा होता. पण जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगचे आकडे वेगळं सांगतात. लार्स केर्न यांनी २०२१च्या दोन क्लचच्या जीटी३ने २०.८ किलोमीटरची अख्खी फेरी ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत मारली. २०२५मध्ये योर्ग बेर्गमाइस्टर यांनी नव्या जीटी३ने तीच फेरी ६ मिनिटं ५६.२९४ सेकंदांत पूर्ण केली, आणि या गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स होता. सरासरी ताशी १८० किलोमीटर, आणि उजवा हात मधूनमधून गिअरच्या दांड्यावर! चार वर्षांत गाडीची हवेशी आणि रस्त्याशी पकड सुधारली, तिने गिअर बदलण्यात जाणारा सगळा वेळ भरून काढला आणि वर साडेतीन सेकंद शिल्लक टाकले. गिअरबॉक्सची निवड ही वेगाच्या हिशेबातली एक ओळ आहे, अख्खा हिशेब नव्हे.

बाजारानेही हे ओळखलं. २०१३ची जीटी३ पोर्शेने फक्त दोन क्लचमध्ये आणली आणि शौकीन नाराज झाले. २०१६मध्ये केवळ मॅन्युअल असलेली ‘९११ आर’ आली, मोजून ९९१. पुन्हा विकताना तिला मूळ किमतीच्या कित्येक पट भाव मिळू लागला. दुसऱ्याच वर्षी जीटी३मध्ये मॅन्युअल परत आला. एस/टी बनवल्या १,९६३, कारण ९११चा जन्म १९६३चा. गाड्यांचे रचनाकार गॉर्डन मरे यांची ‘टी.५०’ तर मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाते. तिचं इंजिन सेकंदाला २८,००० फेरे प्रति मिनिट या दराने चढतं, म्हणजे तळापासून लाल रेषेपर्यंत अर्धा सेकंदही लागत नाही. तिला गिअरबॉक्स आहे हाताने बदलायचा, सहा गिअरचा. अशा गाड्या १००. दुसरीकडे अमेरिकेत १९८० साली नव्या गाड्यांपैकी सुमारे ३५ टक्के मॅन्युअल होत्या, हल्ली हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं आहे. लाखोंच्या बाजारातून मॅन्युअल हद्दपार होतोय आणि शेकड्यांच्या बाजारात त्याला सोन्याचा भाव येतोय.

आपल्याकडे हा प्रश्न कोटींच्या गाड्यांपुरता नाही. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं, १५० अश्वशक्तीचं इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत मिळतं आणि सात गिअरच्या दोन क्लचसोबतही. ती गाडी पुण्याच्या रहदारीत घालू. घर ते ऑफिस दहा किलोमीटर, परतीचे दहा. किलोमीटरला १५ वेळा क्लच धरला तर दिवसाला ३००, आणि वर्षाच्या ३०० दिवसांत ९०,००० वेळा. पेडलला दर वेळी दहा किलोंचा जोर लागतो असं धरलं, तर डावा पाय वर्षाला ९०० टन दाबतो. म्हणजे सहाशेहून अधिक जीटी३!

याच आकड्याला उलटं धरलं की गंमत होते. पेडल खाली जातं ते जेमतेम १३ सेंटिमीटर. ९०,००० वेळांचं एकूण यांत्रिक काम भरतं सुमारे २७५ किलोकॅलरी. स्नायू चौथा हिस्साच कामी लावतात असं मानलं तरी वर्षभराच्या क्लचची किंमत चार वडापाव! मग पाय दुखतो कशाने? धरून ठेवण्याने. सिग्नलला, चढावर, हाफ क्लचवर पाय अधांतरी तोलून धरावा लागतो. पेडल हललं नाही तर भौतिकशास्त्राच्या लेखी काम शून्य. स्नायू मात्र सतत आखडलेला राहतो आणि थकतो. हीच रांगत जाणारी रहदारी दोन क्लचच्या गिअरबॉक्सलाही जाचते. कोरडे क्लच असतील तर मुंगीच्या पावलांनी चालताना ते घसटत राहतात आणि तापतात. म्हणून पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यावं आणि मग एकदम सरकावं. तेवढ्याने त्यांचं आयुष्य वाढतं.

आणि वाचलेला वेळ? ९०,०००पैकी निम्म्या वेळा गिअर चढवला आणि दर वेळी ०.३ सेकंद वाचले, तर वर्षाला पावणेचार तास. हे तास हाती पडत नाहीत, पुढच्या सिग्नलवर जमा होतात.

तेव्हा मिलिसेकंदांच्या जोरावर निवड करण्यात अर्थ नाही. ती शर्यत यंत्राने जिंकली आहे आणि शहरात त्या विजयाचा उपयोगही नाही. मोजायचं ते स्वतःच्या रस्त्यावर. किलोमीटरला पंधरा वेळा क्लच लागत असेल तर ऑटोमॅटिक बिनधास्त घ्यावी, तिने गाडीचा स्पोर्टीपणा कमी होत नाही. वापर मुख्यतः सुट्टीच्या सकाळी ताम्हिणीच्या घाटात असेल, तर मॅन्युअल घ्यावी. तिथे गिअर टाकण्याचे ते ०.३ सेकंद वाया जात नाहीत, गाडीच्या किमतीत आपण ते विकत घेतलेले असतात. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूममागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नये. संध्याकाळी सात वाजता, आपल्या ऑफिसच्या वाटेवर मागावी.