नावातली मात्रा, नावातलं अवतरणचिन्ह

एखाद्या ऑनलाइन अर्जाने गावाच्या रकान्यात फक्त अक्षरं घ्यायची म्हणून पायथनच्या 'इझअल्फा' तपासणीवर भिस्त ठेवली, तर तिथे 'फैजपूर' लिहिता येत नाही. फ, ज, प, र ही अक्षरं पायथनला मान्य आहेत. पण युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा आणि उकार ही अक्षरं नव्हेत, नुसती चिन्हं आहेत. त्यामुळे अख्खं नाव नापास होतं. त्याच अर्जात केळीबागेचं क्षेत्र देवनागरीत '१२' लिहिलं, तर मात्र आकडा वाचणारा पायथनचा 'इंट' ते विनातक्रार बारा म्हणून घेतो. बाहेरून आलेल्या माहितीवर विश्वास टाकू नये, हे खरंच. पण अविश्वास म्हणजे अक्षरांची झडती, ही समजूत फैजपूरकरालाच दारात अडवते आणि चोराला फारसं रोखत नाही.

धोका अक्षरात नसतोच. भरलेली माहिती जिथे हुकूम म्हणून वाचली जाते, तिथे तो असतो. डेटाबेसला द्यायची आज्ञा तुकडे जोडून तयार केली, की अर्जदाराने टाकलेलं एक अवतरणचिन्ह नाव तिथेच संपवतं आणि पुढचा मजकूर आज्ञेचा भाग बनतो. वसईतल्या कुणी डिसूझा हे आडनाव इंग्रजीत, 'डी'नंतरच्या चिन्हासह लिहिलं, तरी असा अर्ज कोलमडतो. पीएचपीने उपाय म्हणून अशा चिन्हांआधी आपोआप उलटी तिरकी रेघ घालण्याची सोय केली होती. त्याने पुरेसं संरक्षण मिळालं नाही, उलट नावं त्या रेघांसकट साठू लागली. २०१२ च्या ५.४ आवृत्तीत ती सोय काढूनच टाकावी लागली. पायथन २ मधलं 'इनपुट' तर टाइप केलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवत असे. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ते बंद केलं. खरा उपाय याच दिशेचा आहे: आज्ञेत नावासाठी जागा रिकामी ठेवायची आणि नाव वेगळं पाठवायचं. मग त्यात काहीही असलं, तरी डेटाबेस ते नाव म्हणूनच वाचतो.

मग तपासणी सोडून द्यायची का? नाही. क्षेत्र शून्याहून जास्त हवं, तारीख खरी हवी, मजकुराला लांबीची मर्यादा हवी. पण ही तपासणी अर्थाची आहे. 'आमच्या छोट्या संस्थेच्या अर्जावर कोण हल्ला करणार?' हा आक्षेपही टिकत नाही, कारण कच्चे दुवे शोधणारे प्रोग्राम संस्थेचा आकार न पाहता दिसेल त्या संकेतस्थळावर आपोआप प्रयोग करत फिरतात. शिवाय तेच नाव पुढे वेबपानावर दाखवताना ब्राउझरने त्याला आज्ञा समजू नये, याची काळजी तिथे पुन्हा, वेगळ्या रीतीने घ्यावी लागते; डेटाबेससाठी केलेली व्यवस्था तिथे उपयोगी पडत नाही.