होगनचे पाय

बेन होगनच्या नावावर गोल्फमधली नऊ मोठी विजेतेपदं आहेत. त्यातली तीन २ फेब्रुवारी १९४९च्या आधीची, सहा त्यानंतरची. त्या तारखेला सकाळी टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळच्या एका पुलावर, दाट धुक्यात, ट्रकला मागे टाकू पाहणारी बस समोरून त्याच्या कॅडिलॅकवर आदळली. छत्तिशीतल्या खेळाडूच्या कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, डावा घोटा मोडला, हासळी मोडली, बरगडीला मार बसला. तो पुन्हा चालेल का, याचीच डॉक्टरांना खात्री नव्हती. खेळण्याची गोष्ट तेव्हा कुणी काढतच नव्हतं.

होगनची गोष्ट सांगणारे बहुतेकजण अपघातावरून थेट १९५०च्या यूएस ओपनवर, मेरियनच्या मैदानावर, उडी मारतात. मला मधल्या सोळा महिन्यांचं आणि मेरियननंतरच्या तीन वर्षांचं मोल जास्त वाटतं. जिद्दीचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण या माणसाने आपल्या मोडक्या शरीराचा जो हिशेब मांडला आणि शेवटपर्यंत पाळला, त्याला खेळाच्या इतिहासात तोड नाही, असं माझं ठाम मत आहे.

अपघाताआधीही त्याला काही आयतं मिळालं नव्हतं. जन्म १९१२चा. वडील लोहार. बेन नऊ वर्षांचा असताना त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. अकराव्या वर्षी तो फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर कॅडी म्हणून जाऊ लागला. तिथेच बायरन नेल्सन हा त्याच्याच वयाचा आणखी एक कॅडी होता. दोघंही पुढे जगातले सर्वोत्तम ठरले, पण नेल्सन लवकर आणि होगन फार उशिरा. १९३०मध्ये व्यावसायिक झालेल्या होगनला एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकायला १९४० उजाडलं. त्याचा चेंडू ऐन मोक्याला डावीकडे वळायचा. हा 'हुक' घालवण्यासाठी त्याने सरावाच्या मैदानावर वर्षंच्या वर्षं घातली. जरा सूर सापडतोय तोवर १९४३ ते १९४५ सैन्याच्या हवाई दलात गेली. म्हणजे खेळ सुटणं आणि पुन्हा हाती घेणं त्याने एकदा अनुभवलेलं होतं. १९४६ आणि १९४८ची पीजीए, १९४८ची यूएस ओपन या मोठ्या स्पर्धा जिंकत सगळं जुळून आलं आणि जानेवारी १९४९मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा झळकला. त्यानंतर महिनाभरातच ती बस आली.

टक्कर होणार हे दिसताच होगनने स्टिअरिंग सोडलं आणि शेजारी बसलेल्या बायकोवर, व्हॅलरीवर, अंग झोकून दिलं. तिला वाचवायला केलेल्या या हालचालीनेच तोही वाचला. स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या सीटमधून आरपार गेला होता. व्हॅलरी किरकोळ जखमांवर निभावली.

एल पासोच्या रुग्णालयात हाडं सांधू लागली होती, तेव्हा खरं संकट उभं राहिलं. हालचाल बंद असलेल्या पायात रक्ताची गुठळी झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसापर्यंत गेला. पुढचा तुकडा जिवावर बेतणार हे दिसत होतं. न्यू ऑर्लिन्सचे नामांकित शल्यविशारद अल्टन ऑक्सनर यांना हवाई दलाच्या विमानाने तातडीने आणण्यात आलं. त्यांनी पोट उघडून पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य नीलाच बांधून टाकली. वर जायची वाटच बंद, त्यामुळे गुठळी फुप्फुसात पोचणार नाही. जीव वाचला. पण पायांतलं रक्त आता आडवाटेच्या बारीक नीलांमधूनच कसंबसं वर चढणार होतं. थोडं चालला, थोडा वेळ उभा राहिला की पाय सुजणार, जड होणार, पेटके येणार, आणि हे आयुष्यभर. हाड सांधतं, ही वाट परत उघडणार नव्हती. गोल्फमध्ये एका फेरीत सात-आठ किलोमीटर चालावं लागतं. होगनचं पुढचं सगळं गोल्फ या एका बांधलेल्या नीलेच्या अटीवर खेळलं गेलंय, हे ध्यानात ठेवलं नाही तर त्याच्या यशाचं वजन कळत नाही.

५९ दिवसांनी, १ एप्रिलला, तो घरी आला. आधीच सडपातळ, त्यात वजन पार उतरलेलं. घरातल्या घरात फेऱ्या, मग घराभोवती, मग रस्त्यावर थोडं पुढे, असं चालणं वाढवत नेलं. सप्टेंबरमध्ये रायडर कपसाठी इंग्लंडमधल्या गँटनला गेला, तो न खेळणारा कर्णधार म्हणून. डिसेंबरमध्ये फोर्ट वर्थच्या कलोनियल क्लबवर १८ होलची पूर्ण फेरी केली, आणि जानेवारी १९५०मध्ये लॉस एंजेलिस ओपनसाठी रिव्हिएराच्या मैदानावर उभा राहिला. चार फेऱ्यांअखेर पहिल्या जागेसाठी बरोबरी! सॅम स्नीडने शेवटच्या दोन होलवर एकेक फटका वाचवून त्याला गाठलं आणि पावसाने लांबलेल्या प्लेऑफमध्ये हरवलं. तो पराभव कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. होगन परतलाय, एवढंच अमेरिकेला कळलं.

जूनमध्ये फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनला यूएस ओपन होती. त्या काळी या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, दोन फेऱ्या व्हायच्या: एका दिवसात ३६ होल. धडधाकट माणसाचाही कस काढणारा दिवस. होगनची तयारी पहाटेच सुरू व्हायची. आधी एप्सम सॉल्ट घातलेल्या कढत पाण्यात बराच वेळ पाय शेकायचे. मग घोट्यापासून मांडीपर्यंत लवचीक पट्ट्या ताणून गुंडाळायच्या. घट्ट बांधल्या तर पाय आखडतो, सैल राहिल्या तर सूज चढते. वरून पँट घातली की कुणाला काही दिसत नसे. संध्याकाळी पट्ट्या सोडल्या की पुन्हा कढत पाणी.

शनिवारी दुपारी तो आघाडीवर आला होता. चौथ्या फेरीत बाराव्या होलवर ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, मारला आणि पायांनी दगा दिला. पेटक्याने पाय जागच्या जागी आखडले, तोल गेला, जवळच्या ओळखीच्या माणसाचा आधार घेऊन तो कसाबसा सावरला. त्यानंतर होलमधला चेंडूही कॅडीच काढून देत होता. तीन फटक्यांची आघाडी तिथून गळायला लागली. पंधराव्यावर अगदी छोटा 'पट', म्हणजे होलजवळचा हलका फटका, हुकला, सतराव्यावर आणखी एक फटका गेला. अठरावा होल ठरलेल्या फटक्यांत, म्हणजे 'पार'मध्ये, संपवला तरच बरोबरी.

४५० यार्डांहून लांब असलेल्या त्या होलवर ड्राइव्हनंतरही ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, दोनशेहून जास्त यार्ड लांब होतं. होगनने वन-आयर्न काढली. गोल्फच्या पिशवीतली सगळ्यात अवघड काठी. तिचं डोकं जवळजवळ सरळ उभं, जरा चुकलं की चेंडू उठतच नाही. त्याचा चेंडू उठला आणि ग्रीनवर जाऊन थांबला. दोन पटमध्ये काम झालं. छायाचित्रकार हाय पेस्किनने पाठीमागून टिपलेला तो क्षण आज जगभरच्या क्लबहाउसांत भिंतीवर असतो. सपाट टोपी, पूर्ण फिरलेले खांदे, दोन्ही बाजूंना गर्दीच्या भिंती. ती वन-आयर्न नंतर पिशवीतून चोरीला गेली आणि १९८३पर्यंत सापडली नाही.

त्या छायाचित्राचा एक तोटा झालाय. लोकांना वाटतं सामना तिथेच संपला. खरं तर लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फाझिओ यांच्याशी २८७वर बरोबरी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल चालायचे होते. मँग्रमही साधा गडी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर जखमी होऊन परतलेला आणि १९४६ची यूएस ओपन जिंकलेला. त्या रविवारी होगनने ६९ फटक्यांत फेरी पूर्ण केली, मँग्रमने ७३ आणि फाझिओने ७५. रात्री हे पाय परत उभे राहतील की नाही अशी शंका, आणि सकाळी तिघांत सर्वोत्तम खेळ! मला विचाराल तर वन-आयर्नपेक्षा मोठी कामगिरी ही आहे.

हॉलिवूडने त्याच्यावर 'फॉलो द सन' हा चित्रपट काढला, ग्लेन फोर्डला होगन केलं. मार्च १९५१मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की गोष्ट पूर्ण झाली. पुढच्याच महिन्यात होगनने आयुष्यातलं पहिलं मास्टर्स जिंकलं, आणि जूनमध्ये ओकलंड हिल्सच्या अतिकठीण मैदानावर शेवटच्या फेरीत ६७ मारून पुन्हा यूएस ओपन.

हे जमलं ते नकार देता आल्यामुळे. पूर्वी वर्षभर गावोगाव स्पर्धा खेळणारा माणूस आता वर्षाला मोजक्याच खेळू लागला. पीजीए तर त्याने सोडूनच दिली. ती तेव्हा आमनेसामने बाद पद्धतीने खेळली जायची, आणि विजेतेपदासाठी दिवसाला ३६ होलचे सामने एकापाठोपाठ खेळावे लागायचे. दोनदा जिंकलेल्या स्पर्धेकडे पाठ फिरवणं सोपं नसतं. जे पाय देणार नाहीत ते मागायचंच नाही, आणि जे देतील ते मोठ्या स्पर्धांसाठी राखून ठेवायचं. फुरसतीचे आठवडे सरावाला आणि मैदान वाचायला. त्यामुळे चालणं घटलं तरी खेळ जास्त नेमका झाला.

त्याचं फळ म्हणजे १९५३. सहा स्पर्धा खेळला, पाच जिंकल्या. मास्टर्समध्ये २७४, म्हणजे आधीच्या विक्रमापेक्षा पाच फटके कमी. ओकमाँटला यूएस ओपन सहा फटक्यांनी. मग आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच ब्रिटिश ओपनसाठी स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला गेला. तिथला चेंडू अमेरिकेतल्या चेंडूपेक्षा लहान, जमीन टणक, वारा बोचरा आणि गारठा त्या पायांचा वैरी. आधीच जाऊन त्याने सराव केला, आणि फेऱ्या मारल्या त्या ७३, ७१, ७०, ६८. दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा कमी. चार फटक्यांनी स्पर्धा जिंकून तो परतला तेव्हा न्यूयॉर्कने कागदांची उधळण करत त्याची मिरवणूक काढली. एका वर्षात तीन मोठी विजेतेपदं पुन्हा बघायला टायगर वूड्सच्या २००० सालापर्यंत थांबावं लागलं.

त्यानंतर मोठं विजेतेपद त्याला मिळालं नाही. अपघातात दुखावलेल्या डाव्या डोळ्याची नजर अधू होत गेली आणि पट चुकायला लागले. तरी १९६०मध्ये, ४७व्या वर्षी, चेरी हिल्सच्या यूएस ओपनमध्ये तरुण जॅक निकलॉसबरोबर खेळताना त्याने शेवटच्या दिवसाच्या ३६पैकी पहिली ३४ ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठली. पस्तिसाव्याला चेंडू पाण्यात गेला आणि स्पर्धा अर्नोल्ड पामरने जिंकली. १९६४च्या स्पर्धेत केन व्हेंचुरी उन्हाने कोसळायला आला, आणि १९६५पासून यूएस ओपनने शेवटच्या दिवसाच्या दोन फेऱ्या बंद करून रोज एक फेरी ठेवली. होगनचं वय तेव्हा बावन्न होतं. हा बदल पंधरा वर्षं आधी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.