हाड आणि अस्थी

‘हाड’ आणि ‘अस्थी’ हे शब्द कोशात समानार्थी म्हणून शेजारी बसतात. व्यवहारात मात्र त्यांच्या वाटा भिन्न आहेत. झाडावरून पडलेल्या मुलाचे हाड मोडते, अस्थी मोडत नाही. उलट दहनानंतर वेचून तापीच्या पात्रात सोडावयाच्या त्या अस्थी, हाडे नव्हेत. एक शब्द जित्या देहाचा, दुसरा देह सरल्यानंतरचा. असे असता शरीरशास्त्राच्या पाठात मूल स्वतःच्या मांडीला ‘ऊर्वस्थी’ आणि नडगीला ‘अंतर्जंघास्थी’ म्हणावयास शिकते. परिभाषा हवीच, परंतु तिचा आरंभ कोठून करावा, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आपले घरगुती शब्द ढोबळ असतात, हा समज प्रथम तपासावा. नडगी म्हणजे नेमके काय? तेथील हाडाची पुढची कड कातडीच्या अगदी खाली असते, मध्ये स्नायूचे आवरण नसते. म्हणूनच तेथला मार जिव्हारी लागतो. घोट्याचे दोन उंचवटे चाचपून पाहावेत. आतला नडगीच्या हाडाचे खालचे टोक, बाहेरचा त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचे. आणि बाहेरचा किंचित खाली उतरलेला. कोपराशी तीन टोके हाताला लागतात. हात सरळ असता ती एका रेषेत येतात, काटकोनात वाकविला असता त्यांचा त्रिकोण होतो. सांधा निखळला की हा त्रिकोण बिघडतो. सांध्याच्या वर दंडाचे हाड मोडले असेल तर तो सहसा शाबूत राहतो. वैद्य ज्यांना शरीरावरील खुणा मानतो, त्यांतील कित्येकांना भाषेने फार पूर्वीच नावे दिली आहेत.

या खुणांवर व्यवहारही चालला. बुऱ्हाणपुरासारख्या विणकरांच्या गावी ‘हात’ हे माप कोणास नवे? कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे ते अंतर. म्हणजे एका हाडाच्या टोकापासूनच मोजणीस प्रारंभ होतो.

शास्त्रकारांनी हाडे मोजली ती निरनिराळ्या रीतींनी. चरकसंहितेत त्यांची संख्या 360, सुश्रुतसंहितेत 300, तर आधुनिक शास्त्राप्रमाणे प्रौढ माणसात सामान्यतः 206. हा भेद बव्हंशी व्याख्येचा आहे. प्राचीनांनी दात आणि कूर्चाही हिशेबात धरल्या; चरकाने तर नखेही. सुश्रुताने कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच वर्ग केले. त्यांतील ‘नलक’ आपल्या ‘नळीच्या हाडा’त आजही ओळखू येतो. आधुनिक 206 हाडांपैकी 106 केवळ दोन हात व दोन पावले यांत आहेत, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात व लगेच स्वतःची बोटे दाबून पाहू लागतात. खरे शिक्षण तेथे सुरू होते.

तथापि घरच्या शब्दांना मर्यादा आहे. जेथे बोट पोचत नाही, तेथे लोकभाषा बहुधा मुकी राहते. नडगीशेजारचे बारीक हाड स्नायूंत झाकलेले, म्हणून त्यास रूढ नाव नाही. ‘मनगट’ हा शब्द एक, पण आत लहान हाडे आठ. अंगठा ताणून उचलला असता त्याच्या मुळाशी जी खळगी पडते, तीत पूर्वी लोक तपकीर ठेवून ओढीत. तिच्या तळाशी नावेच्या आकाराचे एक हाड असते. तळहातावर पडल्यानंतर तेथे दाबून दुखले, तर त्या हाडास तडा गेल्याचा संशय घ्यावा लागतो. अशा ठिकाणी शास्त्रीय संज्ञेवाचून गत्यंतर नाही.

सारांश, बोट पोचते तेथवर घरचा शब्द आणि त्यापुढे परिभाषा, हा क्रम स्वाभाविक होय. आमच्या सीमाभागात तर त्याची निकड अधिक आहे. येथे घरात ‘घोटा’, बाजारात ‘टखना’, पुस्तकात ‘गुल्फ’; घरात ‘बरगडी’, बाहेर ‘पसली’, पुस्तकात ‘पर्शुका’. तिन्ही शब्द मुलांना यावेत. परंतु घरचा गळाला, तर आजीने सांगितलेले दुखणे नातवाला वैद्यापाशी नीट पोचविता येणार नाही. शब्द हरवतो तेव्हा केवळ कोशातील एक ओळ जात नाही. देहावरची एक ठाऊक जागा परकी होते.